भिंगरीची बॅग

सुट्टीची बॅग भरायचं काम आबांकडे आलं, ते मुळात त्यांच्या हाताला काही चाळा असावा म्हणून. बायको गेल्यापासून सकाळी चहा घ्यायचा, जिना उतरून दुकानात जायचं, मशीनवरचं झाकण काढायचं, मशीनकडे बघत बसायचं, पुन्हा झाकण घालायचं आणि वर यायचं, असा त्यांचा दिवस झाला होता. लेकीला ते दिसत होतं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. सुट्टी मिळावी म्हणून त्या आठवड्यात तिच्या दोन-दोन पाळ्या चालल्या होत्या. जावई मालाची गाडी चालवायचा, तो घरी कधी येईल ते त्यालाही माहीत नसायचं. तेव्हा लेकीने एका दगडात दोन पक्षी मारले. आबांना म्हणाली, भिंगरीची बॅग तुम्हीच भरा.

भिंगरी म्हणजे नात. तिचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण घरात ते कुणी घेत नसे. पोर पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली होती. पहिलीत होती, आणि तिला चालताना कुणी पाहिलं नव्हतं. जिना चढली तरी पळत, दात घासले तरी पळत. आजीच्या आजारपणात लेक-जावई याच घरी राहायला आले, तेव्हापासून घराला जी काही जाग होती ती तिच्या पायांची.

जायचं होतं समुद्रावर. लेकीने लग्नानंतर पहिल्यांदाच एवढी मोठी सुट्टी घेतली होती. आबांनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग पुन्हा नाही म्हटलं, आणि शेवटी जावयाने तिकिटं काढून आणल्यावर गप्प बसले. लेकीने टेबलावर एक टोपी आणि उन्हाच्या मलमाची ट्यूब ठेवली. फ्रॉक, चड्ड्या, पोहायचे कपडे, ही टोपी आणि ही ट्यूब, एवढं घातलं की झाली बॅग, असं सांगून ती कामाला गेली.

आबा त्या टोपीकडे बघत राहिले. तळहाताएवढा तिचा काठ. ती उलटी केली, आतून बोट लावलं, उजेडाकडे धरली. चाळणी बरी, असं त्यांच्या मनात आलं.

आता आबांचा धंदाच सावलीचा. दुकानांपुढची कापडी छतं, गाड्यांवरच्या ताडपत्र्या, अंगणात ताणायची कापडं, हे सगळं ते आयुष्यभर शिवत आणि बांधत आले. बाजारात त्यांना 'सावलीवाले' म्हणायचे. कापड कितपत ऊन अडवील हे ते बोटांनी चाचपून सांगत. गिऱ्हाइकाला पटलं नाही तर टॉर्च पेटवून कापडाखाली धरत. उजेड आरपार आला की कापड बाद.

धंदा सावलीचा आणि संसारही सावलीचा. लेक लहान असतानाच बायकोला तो आजार लागला. आपलंच रक्त आपल्या अंगावर उठतं, असं डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं. ते कशाकशाने उठेल सांगता येत नाही, पण उन्हाने उठतं हे नक्की. थोडंसं ऊन लागलं की बाईच्या गालांवर लाल चट्टे यायचे, मग ताप चढायचा, मग सांधे धरायचे आणि ती अंथरुणाला खिळायची. तेव्हापासून या घराचं उन्हाशी वाकडं आलं. आबांनी खिडक्यांना दुहेरी पडदे शिवले. बायकोला घट्ट विणीच्या कापडाचे पायघोळ झगे शिवले, कोपरापर्यंत येणारे हातमोजे शिवले, मानेवर पडदा असलेल्या टोप्या शिवल्या. बाई हसायची. लोकांना छत विकता आणि बायकोला फुकट देता, अशाने धंदा बुडेल, म्हणायची. बाहेर पडायचं ते दिवस कलल्यावर. आबांना स्वतःला ऊन चालत होतं, पण बायकोने आत बसावं आणि आपण उन्हात हिंडावं हे त्यांना बरं वाटेना. तेही कडेकडेने, एका छताखालून दुसऱ्या छताखाली असं चालायला लागले. पुढे ते अंगवळणी पडलं. तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्यांनी बायकोला. तरी गेल्या हिवाळ्यात ती गेली.

बॅग भरायला आबा बायकोच्या खोलीत बसले. तिथे मोठा पलंग होता, कपडे मांडायला जागा होती. पडदे ओढलेलेच होते. भिंगरी शाळेतून आली आणि पलंगावर चढून बसली. आबांनी तिचा एक फ्रॉक उचलला, आत टॉर्च धरला. सगळा फ्रॉक कंदिलासारखा पेटला. आबांनी तो बाजूला टाकला.

पोरीला मजा वाटली. ती एकेक कपडा काढून द्यायला लागली. आबा टॉर्च लावायचे, ती ओरडायची, पास, नापास. निळा फ्रॉक नापास. फुलाफुलांचा नापास. शाळेची गणवेशाची पँट पास झाली, तेव्हा ती पलंगावर लोळून हसली. मग तिचे पोहायचे पिवळे कपडे निघाले, जे तिने दुकानात रडून घेतले होते आणि दोनदा घरातच घालून पाहिले होते. टॉर्चचा गोल त्यातून जसाच्या तसा दिसला. आबांनी तेही बाजूला टाकले. या वेळी ती काही ओरडली नाही.

ढीग झाला तो नापासांचाच. पासांमध्ये ती पँट आणि एक जाड स्वेटर. समुद्रावर पोरगी काय स्वेटर घालून बसणार? आबा उठले आणि बायकोचं कपाट त्यांनी उघडलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच उघडलं. आत सगळं तिच्या हाताने घडी घातलेलं होतं. आबांनी क्षणभर दार धरून ठेवलं, मग हातमोज्यांची एक जोडी आणि एक झगा काढला. फिकट राखी रंगाचा, हलका, आणि वीण अशी की सुईला शिरायला विचार करावा लागे. तो त्यांनी शेवटी शिवलेला. तो घेऊन ते खाली दुकानात गेले. मशीनवरचं झाकण काढलं आणि या वेळी परत घातलं नाही.

कित्येक महिन्यांनी हाताला काम लागलं होतं. हात विसरले नव्हते. झगा उसवला, पोरीच्या मापाने कापला, बाह्या आखूड केल्या, गळ्याशी पट्टी घातली. उरलेल्या कापडाची टोपी केली, मानेवर पडदा असलेली. हातमोजे लहान केले. गाडीच्या खिडकीला लावायला काळं कापड घेतलं, त्याला चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या. पोर स्टुलावर उभी होती आणि आबा तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होते. अंगावर झगा, डोक्यावर टोपी, हातांत मोजे. तिने आरशात बघितलं. असं हुबेहूब कुणीतरी तिने त्या खोलीत, त्या खिडकीशी बसलेलं पाहिलं होतं.

तिने विचारलं, आजीचा आहे ना हा? आबा म्हणाले, आता तुझा. मग तिने विचारलं, मला पण घालायला लागणार? आबांनी टाचण्या काढल्या आणि इतकी वर्षं जे म्हणत आले तेच म्हणाले. जपलेलं बरं, बाळ.

एवढंच बोलले. त्यात वावगं असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना भिंगरी दारात थांबली. रस्त्यावर ऊन पडलं होतं. ती म्हणाली, माझी टोपी बॅगेतून काढ. जावई हसला. म्हणाला, अगं, समुद्र उद्या आहे, आज नुसती शाळा आहे. ती हसली नाही. जावयाने हात धरून पायरी उतरवली, तर ती भिंतीला चिकटली आणि तशीच, पाठ भिंतीला लावून, सरकत सरकत चालू लागली. कोपऱ्यावर जिथे सावली संपत होती तिथे थांबली. पुढे पाऊल टाकेना. ओढलं तर तिने खालीच बसकण मारली. जावयाने शेवटी तिला उचलून घरी आणलं, कामाला उशीर झाला म्हणून लेकीला फोन केला आणि निघून गेला.

घरी आल्यावर पोर आजीच्या खोलीत गेली, पलंगावर बसली आणि आबांना म्हणाली, पडदा नीट ओढ. मधे फट आहे.

आबांनी पडदा ओढला. ओढून झाल्यावर आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि हात पडद्यावरच राहिला.

लेक दुपारी सुट्टी टाकून घरी आली. पोरीला जवळ घेऊन तिने विचारलं, काय झालं? पोरीने सगळं सांगितलं, तेही अगदी शहाण्यासारखं. ती समुद्रावर येणार नव्हती. बाकीच्यांनी जावं. ती आजीच्या खोलीत राहील आणि अंधार पडला की खेळेल. आजीला ऊन बाधलं आणि आजी गेली. तिला नाही जायचं.

लेक तशीच उठली आणि बॅग उघडायला गेली. भिंगरीची बॅग तिने पलंगावर उलटी केली. शाळेची पँट, स्वेटर, काळं कापड, मोजे, टोपी. मग तो झगा. तिने तो दोन्ही हातांनी वर धरला. बाह्यांच्या जागी नवी शिवण होती, पण खिशावरचा रंगाचा बारीक डाग तसाच होता. त्यावर तिने बोट फिरवलं.

आबा दारात उभे होते. कापड चांगलं होतं, पडून राहिलं असतं, असं काहीतरी ते म्हणाले.

"आबा, ही भिंगरीची बॅग नाही," लेक म्हणाली. "तुम्ही आईची बॅग भरलीत."

जावई वाटेत फोनवर ऐकून आला होता. तो बूट काढता काढता म्हणाला, अति तिथे माती, आबा. आपण समुद्रावर चाललोय, लढाईला नाही. एरवी अशा बोलण्यावर आबाही हसले असते. लेकीने नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि तो पोरीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

मग लेक बोलली. आवाज चढवून नाही. ती म्हणाली, पोरीची तपासणी झालीय, दोनदा झालीय, तिला यातलं काही नाही. हे तुम्हाला माहीत आहे. आबा म्हणाले, माहीत आहे. मग? आबा म्हणाले, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लेक म्हणाली, तुम्ही फुंका, तिला कशाला फुंकायला लावता?

आणि मग तिने जे सांगितलं ते आबांना माहीत नव्हतं. एका घरात राहून, एका ताटात जेवून माहीत नव्हतं.

"लहानपणी मी खेळून आले की आधी न्हाणीत जायचे. गार पाणी ओतून घ्यायचे अंगावर, थंडीतसुद्धा. मला वाटायचं, ऊन माझ्या अंगाला चिकटून घरात येतं. मी तशीच आईच्या मांडीवर बसले तर तिला बाधेल. ती हाक मारायची आणि मी दात वाजवत न्हाणीत उभी असायचे."

आबा पलंगाच्या कडेवर बसले. तेव्हा त्यांना वाटायचं, पोर किती स्वच्छतेची आहे. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, लेक म्हणाली. मी बघितलं होतं, बस. हिनेही बघितलं. माझी पोर उन्हाला भ्यायला लागली आहे आणि उद्या सकाळची गाडी आहे. ती आली नाही तर मी तिकिटं फाडून टाकीन, सुट्टीचं मला काही नाही. पण आबा, आज ती भिंतीला पाठ लावून चालली. ती पळते हो. ती चालत नाही.

एवढं बोलून लेक झग्याची घडी घालायला लागली, आईसारखीच, बाह्या आत घेऊन. मग घडी अर्धी टाकून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो सुरू राहिला.

आबांनी आधी सोपा रस्ता धरला. भिंगरीला बोलावलं आणि म्हणाले, ऊन काही वाईट नसतं गं. उन्हात किती मजा येते. पोर म्हणाली, मग तू का सावलीतून चालतोस? आबा म्हणाले, मी म्हातारा झालो म्हणून. ती म्हणाली, समोरचा म्हातारा उन्हातच बसलेला असतो. तेही खरं होतं. समोरचा दाढीवाला सुतार रोज भर उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचायचा. आबांनी गमतीत म्हणून पाहिलं, तो सुतार आहे, लाकडाचा आहे. पोरीच्या तोंडावरची रेषा हलली नाही. लेकराला फसवायला निघालं की असंच तोंडघशी पडायला होतं.

मग आबांनी ठरवलं की खरं ते सांगायचं. ते सांगायला त्यांना फार जड गेलं, कारण ते त्यांनी अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. लोक विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, ऊन बाधलं तिला, शेवटी बाधलंच. त्यात एक आधार होता. कुठून तरी ऊन आत आलं असणार, कुठली तरी फट राहून गेली असणार. फट राहिली म्हणजे चूक झाली, आणि चूक झाली म्हणजे चूक झाली नसती तर ती वाचली असती.

ते पोरीच्या शेजारी पलंगावर बसले.

"आजीला उन्हाने नाही नेलं," ते म्हणाले. "तिचा आजार आतला होता. आत मूत्रपिंडं असतात, रक्त गाळायची. ती थकली. ती गेली तेव्हा ऊन नव्हतंच. थंडी होती, आभाळ आलं होतं, आणि पडदे ओढलेले होते."

पोरीने विचार केला. मग पडदे कशाला होते, तिने विचारलं.

आबा म्हणाले, उन्हाने तिचा आजार वाढायचा, दुखायचं तिला. ते दुखू नये म्हणून. तुझं तसं नाही. तुला उन्हाने नुसतं काळं व्हायला होतं. फार झालं तर नाक लाल होईल, सालं निघतील, आई मलम लावील. टोपी घाल, मलम लाव, दुपारी जरा सावलीत बस. बास, एवढंच असतं ते.

पोर त्यांच्याकडे बघत होती. तिला अजून काहीतरी विचारायचं होतं. ती पलंगावरच्या मोज्यांशी चाळा करत होती.

"तू आजीला नीट बांधलं नव्हतंस का?"

स्वयंपाकघरातला नळ कधीच बंद झाला होता आणि लेक भिंतीपलीकडे ऐकत उभी होती, हे आबांना कळत होतं.

छत शिवून झालं की आबांची एक रीत होती. ते ताणून बांधायचं, खाली जमिनीवर उताणं पडायचं आणि वर बघत राहायचं. कुठे टाचणीएवढं भोक असलं तरी तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. बायकोला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी, लोक बाहेरच्या खोलीत बसलेले असताना, आबा या खोलीचं दार लावून तसेच जमिनीवर उताणे पडले होते. त्यांनी पडदे बघितले, दाराची फट बघितली, छपराच्या कडा बघितल्या. दुपार चढून उतरेपर्यंत बघितलं. एकही ठिपका दिसला नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"नीट बांधलं होतं," आबा म्हणाले. "अगदी नीट. मी सगळं तपासलं. कुठे भोक नव्हतं. तरी गेली."

त्यांचा आवाज शेवटच्या शब्दाला फाटला. पोरीने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आजी गेली त्या दिवशीही आबा खुर्च्या मांडत होते, चहा बघत होते. ती घाबरली नाही. ती त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण फिरवत राहिली.

मग कशाला बांधलंस, तिने विचारलं. जायचीच होती तर.

आबा म्हणाले, मला दुसरं काही बांधता येत नाही गं.

हे उत्तर तिला पटलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं की पिवळे कपडे खरंच नापास आहेत का. आबा म्हणाले, टॉर्चने नापास आहेत. पाण्यात चालतील. ती म्हणाली, मग तू ये माझ्याबरोबर बाहेर. आत्ता. तू पण.

मागच्या अंगणात दुपारचं ऊन पडलं होतं. फरशी तापली होती. जिना उतरून पोर उंबऱ्यावर थांबली आणि तिने आबांचा हात धरला. आबांच्या लक्षात आलं की आपलाही पाय उचलत नाही. या अंगणात ते भर उन्हात कधी उभे राहिले होते ते त्यांना आठवेना. आपण एकट्यानेच उन्हात जाऊन उभं राहायचं, आणि बायकोने नाही. एवढ्या वर्षांचा वायदा आपणच मोडायचा, असं त्यांना वाटलं. त्यांनी वर, बायकोच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. पडदा होता.

ते उतरले. टकलावर ऊन पडलं, मानेवर पडलं, सदऱ्यातून खांद्यांना लागलं. चांगलं वाटलं. आपल्याला चांगलं वाटतंय याचंच त्यांना फार वाईट वाटलं आणि ते डोळे मिटून तसेच उभे राहिले. पोरीने आधी एक पाय ठेवला, भाजतंय म्हणाली, आत पळाली, चपला घालून परत आली. मग अंगणाच्या कडेने एक चक्कर मारली. मग दुसरी. तिसऱ्या वेळेला ती पळत होती. आबांना ते दिसलं नाही, ऐकू आलं. मागच्या दारात लेक उभी होती. तिने आबांना आत बोलावलं नाही, टोपी घाला असंही म्हणाली नाही.

संध्याकाळी बॅग पुन्हा भरली. लेकीने कपडे दिले आणि आबांनी फक्त ठेवले. निळा फ्रॉक, फुलाफुलांचा, पिवळे कपडे, टोपी, ट्यूब. टॉर्च कुणी काढला नाही. झगा कुठे ठेवायचा यावर दोघंही घुटमळली. शेवटी लेक म्हणाली, कापलात ते कापलात, आबा, मला देऊन टाका. आणि तो घेऊन ती तिच्या खोलीत गेली.

सकाळी गाडीत भिंगरीने खिडकी पकडली. आबा तिच्या शेजारी, लेक-जावई मागच्या बाकावर. जावई गाडी सुटायच्या आतच घोरायला लागला आणि लेकीने त्याला कोपर मारलं. गाव मागे पडलं तसा रस्ता वळला आणि ऊन सरळ यांच्याच खिडकीतून आत आलं, पोरीच्या तोंडावर. आबांचा हात आपोआप वर गेला. पोरीच्या गालाच्या आणि काचेच्या मधे, तळवा पसरून, बोटं जुळवून, तो तिथे जाऊन थांबला. बायकोबरोबर ज्या काही थोड्याफार सहली झाल्या त्या सगळ्या त्यांनी असा हात धरून केल्या होत्या. हाताला मुंग्या आल्या की बाई म्हणायची, आता पुरे. ते म्हणायचे, थोडं राहिलंय.

"आबा, हात काढ ना," भिंगरी म्हणाली. "मला दिसत नाहीये."

आबांनी हात खाली घेतला. मांडीवर ठेवला, तिथून उचलून गुडघ्यावर ठेवला, मग दुसऱ्या हातात धरून ठेवला. पोरीने काचेला नाक लावलं. ऊन तिच्या गालावर, कानावर, विस्कटलेल्या केसांवर मोकळं पडलं होतं. बाहेर एक बाई अंगणात चादरी वाळत घालत होती, एक कुत्रा गाडीमागे धावला आणि कंटाळून थांबला. पोर हे सगळं त्यांना मोठ्याने सांगत होती आणि ते हूं हूं म्हणत होते. त्यांचं लक्ष बाहेर नव्हतं. ते तिच्या गालाकडे बघत होते. चट्टा कुठून उठायला लागतो ते त्यांना माहीत होतं, नाकाच्या शेजारून, आधी नुसता गुलाबी.

उठला नाही. तरी ते बघत राहिले.